आठ सेकंदांचं माप

टेलरकाकूंना कामावर घेतलं तेव्हा कंपनीला वाटलं, चला, एक साधीभोळी, पोक्त बाई मिळाली. माणसं कपड्यांवरून अंदाज बांधतात ते असे.

काकूंनी तीस वर्षं शिवणकाम केलं होतं, बायकांचं आणि पुरुषांचंही. पुढे तयार कपड्यांची दुकानं गल्लोगल्ली झाली आणि काकूंकडे लोक फक्त चेन बदलायला आणि पँट आखूड करायला यायला लागले. शेवटी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि घरी बसल्या. बसल्या म्हणजे बरोबर बारा दिवस. बाराव्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, आता मस्त आराम कर. तुझं वय झालं." तेराव्या दिवशी काकू नोकरी शोधायला बाहेर पडल्या. मुलाच्या बोलण्याचा त्यांना राग आला होता आणि तो राग त्यांनी जपून ठेवला होता.

नोकरीतलं काम सांगायला सोपं होतं. लोक आपापल्या मोबाइलवरून लाइव्ह येतात. कोणी गातं, कोणी पंखा दुरुस्त करून दाखवतं, कोणी नुसतंच गप्पा मारतं. त्यातलं जे मशीनला खटकेल ते या ऑफिसातल्या दहा जणांच्या स्क्रीनवर येऊन पडायचं. ते बघायचं आणि बटण दाबायचं. हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. त्यासाठी मिळायचे आठ सेकंद. एखाद्याचं तीनदा बंद झालं की त्याचं खातं कायमचं गेलं.

दहा जणांतला एक म्हणजे साहेब. वय बत्तीस, भांग तिरपा, आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर म्हणून नियमाचा आकडा. पाठीमागे सगळे त्याला नियमसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पण हातात नियमावली आली की त्याच्या डोक्याला सुट्टी मिळायची.

पहिल्याच दिवशी काकूंनी त्याला विचारलं, "साहेब, इथे लिहिलंय 'अति खोल गळा'. अति म्हणजे किती इंच?"

"इंच नाही हो काकू. अंदाजाने ठरवायचं."

"अंदाजाने कापड कापणारा टेलर आठवड्यात दुकान बंद करतो," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून टेप काढून त्यांनी सरळ स्क्रीनला लावली. शेजारच्या खुर्चीवरच्या चष्मेवालीने तोंडावर रुमाल धरला. ती त्या ऑफिसात दोन वर्षं होती आणि एवढ्या मोठ्याने कधी हसली नव्हती.

आठवडाभरात काकूंच्या लक्षात आलं की इथला अंदाज दोन प्रकारचा आहे. उघड्या अंगाने दंड फुगवणारा बाप्या आला की 'व्यायाम, चालू'. तीच कसरत पूर्ण कपड्यांत बाईने केली की 'हावभाव, बंद'. एक बाप्या बनियनवर मोटार धूत होता, तो चालू. एक बाई पदपथावर वाकून सायकलमध्ये हवा भरत होती, ती बंद. कारणाच्या रकान्यात कोणीतरी लिहिलं होतं, 'वारंवार वाकते'. हवा भरायला वाकायचं नाही तर काय आकाशाकडे बघायचं, असं काकू मोठ्याने म्हणाल्या, पण ऑफिसात सगळ्यांच्या कानात इअरफोनची बोंडकी होती.

घरी तर उदाहरण डोळ्यांसमोरच होतं. काकूंचे यजमान निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालताना लाइव्ह जायचे. अंगात अर्धी चड्डी, बाकी देवाने दिलं तेवढंच. बघणारे अकरा, त्यातले चार नातेवाईक. दीड वर्षात एकदाही कोणाला काही खटकलं नव्हतं.

"अहो, सदरा तरी घाला," काकू म्हणायच्या.

"अगं, झाडांना काय त्याचं!" ते म्हणायचे.

आता ऑफिसातली मुख्य भानगड सांगायला हवी. दर गुरुवारी अकरा वाजता 'जुळणी' असायची. दहा क्लिपा दाखवायच्या, दहा जणांनी बटण दाबायचं, आणि जास्त जणांचं जे उत्तर तेच बरोबर धरायचं; क्लिपेच्या खात्यावरही तोच निकाल लागायचा. जो बहुमताशी जुळला त्याला गुण, जो जुळला नाही तो चुकला. सगळे मिळून सारखेच चुकले की त्याला तिथे अचूकता म्हणत. नवख्या माणसाला तीन महिन्यांच्या शेवटच्या जुळणीत शंभरात नव्वद गुण मिळाले तर तो कायम, नाहीतर त्याच दिवशी नमस्कार. वर आणखी एक कलम होतं: नापास झालेल्या नवख्याने तीन महिन्यांत दिलेले सगळे निकाल आपोआप रद्द.

काकूंचे गुण पहिल्या गुरुवारी साठ आले. दुसऱ्या गुरुवारी पन्नास.

"काकू, सोपं आहे हो," चष्मेवाली जेवणाच्या सुट्टीत कुजबुजली. "मी क्लिप बघतच नाही. साहेबांच्या खांद्याकडे बघते. उजवा हलला की लाल."

"आणि तुला काय वाटतं ते?"

"वाटण्याला गुण नसतात ना."

पोरगी खोटं बोलत नव्हती, आणि तेच काकूंना जास्त लागलं.

गुण असे घसरल्यावर साहेबाने काकूंना शिक्षा म्हणून अपिलांच्या टेबलावर बसवलं. ते टेबल खोलीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या मशीनच्या मागे. ज्यांचं बंद झालं ते लोक दोनशे अक्षरांत आपली बाजू लिहून पाठवत, त्यांचा निवाडा तिथे व्हायचा. बंद करणाऱ्याच्याच हातात अपील जाऊ द्यायचं नाही, एवढा एक शहाणा नियम होता. बाकी सगळा आनंद. अपील फेटाळायला एक बटण पुरे. मान्य करायचं तर मात्र साहेबाची मंजुरी हवी, आणि मंजुरीआधी साहेबाने पूर्ण क्लिप बघायला हवी, तीही आलेल्या क्रमानेच. हा नियम साहेबाने स्वतः केला होता. त्यामुळे काकूंच्या आधी तिथे बसलेल्या कोणीही कधी काही मान्य केलं नव्हतं. उगाच साहेबाच्या डोक्याला ताप कोण देणार?

काकूंनी दिला. तिथे आठ सेकंदांची घाई नव्हती, म्हणून त्या प्रत्येक क्लिप पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायच्या. पहिलंच अपील एका भिंती रंगवणाऱ्या बाईचं होतं. शिडीवर उभी राहून ती दुकानांच्या भिंतींवर मोठमोठी अक्षरं काढायची आणि लोक ते तासन्‌तास बघायचे. तिचं तिसऱ्यांदा बंद झालं होतं, म्हणजे खातं कायमचं गेलं होतं. कारण, 'खांदा उघडा, हालचाल सूचक'. तिने अपिलात दोनशे अक्षरंही वापरली नव्हती. लिहिलं होतं, "तो माझा खांदा आहे. भिंत रंगवायला लागतो."

काकूंनी ते दोनदा वाचलं. तीस वर्षांत त्यांनी हजारो खांद्यांची मापं घेतली होती आणि सूचक खांदा त्यांना एकदाही भेटला नव्हता. त्यांनी हिरवं बटण दाबलं. मंजुरीसाठी अपील साहेबाच्या पेटीत गेलं.

"वेळ मिळाला की बघतो," साहेब म्हणाला.

अडीच महिन्यांत त्याला वेळ मिळाला नाही. पेटीत एकशे बारा अपिलं साठली. काकूंनी नीट मोजली होती. एकशे बारांत पुरुष होते तीन, आणि त्यांतल्या दोघांचे केस लांब होते.

शेवटचा गुरुवार आठ दिवसांवर आला तेव्हा काकूंची झोप उडाली. त्या नापास झाल्या तर नोकरी जाणारच होती आणि मुलगा "मी म्हटलं नव्हतं?" म्हणणार होता. तेही त्यांनी गिळलं असतं. पण ती एकशे बारा अपिलंही त्यांच्याबरोबर रद्द होणार होती. आणि पास व्हायचं तर साहेबाच्या खांद्याकडे बघून लाल बटण दाबायचं, म्हणजे आणखी दहा जणींचा निकाल लावायचा. काकू दोन दिवस मुकाट राहिल्या. घरातल्यांना त्याची जास्त भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी साहेब आपणहून त्यांच्या टेबलापाशी आला. कंपनीच्या मोठ्या समारंभासाठी त्याला सदरा शिवून हवा होता. तयार सदऱ्याच्या बाह्या त्याला आखूड व्हायच्या.

"बसा की स्टुलावर," काकू म्हणाल्या. "बाही वर घ्या आणि हात दुमडा. दुमडलेल्या हाताचंच माप घ्यायचं असतं, नाहीतर बाही वर चढते." माप घेता घेता त्या थबकल्या. साहेबाचा हात गोरा, गुबगुबीत. कोपरापाशी दुमडल्यावर दोन बाजूंना दोन फुगवटे आणि मधे एक खोल घडी. काकूंच्या पोटात हसू उसळलं. ते त्यांनी टाचण्यांबरोबर ओठांत दाबून धरलं.

"साहेब, मोबाइलवर जरा टिपून घेऊ का? कापताना घोळ नको. आणि येत्या गुरुवारच्या क्लिपा निवडायची पाळी माझी आहे. त्यात हे वापरलं तर चालेल?"

"वापरा, वापरा," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाला.

"सगळ्या नव्याच क्लिपा करीन म्हणते. नव्या क्लिपेला कोणाचं तरी खातं लागतं ना?"

"माझं घ्या. आणि काकू, तेवढ्यासाठी पुन्हा विचारायला येऊ नका."

काकू कशाला येतील?

त्यांनी पुढचे पाच दिवस माणसं गोळा केली. खालच्या पहारेकऱ्याला विचारलं, त्याने सायकलला पंप मारून दाखवला. शर्यतीत पळणाऱ्या एका पोराने पाय दाखवले. शर्यतीसाठी तो ते गुळगुळीत ठेवायचा. एका न्हाव्याने मान दाखवली. यजमानांना तर सांगायचीच खोटी होती, ते म्हणाले, "माझं लाइव्ह तुमच्या ऑफिसात? सगळे बघणार?" आणि केस विंचरून आले. दोन बायकाही होत्या, एक ओझी उचलणारी आणि एक लोहारकाम करणारी. मग काकूंनी नियमावलीचं पान उघडलं. 'जुळणीच्या क्लिपांत व्यक्तीची ओळख पटू नये.' आजवर लोक नुसते डोळे झाकत. काकूंनी नियम अक्षरशः पाळला. आवाज काढला, चेहरा काढला, आजूबाजूचं सगळं काढलं आणि मशीनला खटकेल तेवढाच तुकडा ठेवला. कापाकापीत त्यांचा हात धरणारं त्या ऑफिसात कोणी नव्हतं.

गुरुवारी अकरा वाजता दहा जण मोठ्या स्क्रीनसमोर बसले.

पहिली क्लिप: वाकलेली कंबर, खाली-वर होणारी. साहेबाचा उजवा खांदा हलला. नऊ लाल. काकूंचं एकटीचं हिरवं. दुसरी क्लिप: गुळगुळीत पाय. नऊ लाल. तिसरी: यजमानांची छाती, जवळून. वयाबरोबर ती जरा ओघळली होती. नऊ लाल, आणि मागून कोणीतरी "शी!" केलं. घणासारखं काहीतरी उचलणारा दणकट हात आला, तो चालू. ओझं पेललेली रुंद पाठ आली, तीही चालू. असं करत दहावी क्लिप आली. दोन फुगवटे आणि मधे खोल घडी, आणि ती घडी हळूच हलत होती.

साहेब उभाच राहिला. "ही बघा. ही नमुनेदार केस. असं दिसलं की विचार करायचा नाही." त्याने लाल बटण दाबलं आणि कारण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत टाइप केलं, "छातीचा मधला भाग. मुद्दाम जवळून. बाईचा हेतू स्पष्ट."

नऊ लाल झाले. फलकावर काकूंचे गुण आले: शंभरात वीस.

"वाईट वाटतं काकू," साहेब म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं.

"वाटू दे. आधी क्लिपा पुऱ्या तर बघा."

काकूंनी न कापलेल्या क्लिपा लावल्या. कंबर पहारेकऱ्याची निघाली. पाय मिशीवाल्या पोराचे. छातीच्या वर काकूंचे यजमान केस विंचरून हसत होते आणि कुंड्यांची नावं सांगत होते. घणाचा दणकट हात एका बाईचा होता. रुंद पाठही बाईचीच. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग दहावी. चित्र मागे मागे सरकत गेलं, दंड दिसला, स्टूल दिसलं, स्टुलावर साहेब दिसला. हात दुमडून तो म्हणत होता, "काकू, बाही जरा सैलच ठेवा हं."

त्या खोलीत इतका हशा त्याआधी कधी झाला नसेल. पाण्याच्या मशीनपाशी एक जण अक्षरशः खाली बसला. साहेबाचे कान लाल झाले. पण त्यानेही हसून घेतलं. "बरं, गंमत झाली. पण गुण ते गुण, काकू. मला नियम बदलता येत नाही." त्याने नापासाचं पान उघडलं आणि त्याच क्षणी त्याची स्क्रीन लाल झाली.

क्लिपा त्याच्या खात्यावरून सुटल्या होत्या. तीनदा बंद झालं की खातं कायमचं जातं, आणि त्याचं एकूण आठदा झालं होतं. स्क्रीनवर त्याचं पूर्ण नाव होतं. त्याखाली त्याच्याच शब्दांत कारण होतं. त्याखाली सूचना होती: 'वरिष्ठांना अहवाल आज पाच वाजता.'

साहेबाने बसून अपील लिहिलं. बराच वेळ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच राहिलं: "ते माझं कोपर आहे." पुढच्या सेकंदाला मशीनचं उत्तर आलं: 'आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. पुढच्या वेळी योग्य पेहराव करावा.' आणि अपील पाण्याच्या मशीनमागच्या टेबलावर जाऊन पडलं. दुसरीकडे कुठे जाणार? बाकी नऊ जणांनी लाल दाबलं होतं.

साहेब तिथे आला. "काकू, तेवढं एक..."

"हो तर." काकूंनी क्लिप पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. "कोपरच आहे," म्हणाल्या आणि हिरवं बटण दाबलं. "मान्य. तुमच्या मंजुरीला पाठवलंय."

साहेब धावत आपल्या पेटीपाशी गेला. पेटीत एकशे तेरा अपिलं. त्याचं शेवटचं. मधलं उघडेना, शेवटचं उघडेना. मशीन म्हणत होतं, क्रमाने या. आणि वरच्या कोपऱ्यात काकूंचं नापासाचं पान अजून सहीची वाट बघत होतं. त्या पानाकडे बघता बघता नियमसाहेबाला तो नियम आठवला. नापासाचे सगळे निकाल रद्द. म्हणजे कोपर पण रद्द.

त्याने काकूंकडे पाहिलं. काकू शांतपणे सुईत दोरा ओवावा तशा मान खाली घालून पुढचं अपील वाचत होत्या.

'विशेष अधिकारात कायम' असं एक बटण नियमावलीत होतं. आजवर ते कोणी दाबलं नव्हतं. साहेबाने दाबलं. चष्मेवालीने टाळी वाजवली आणि नऊ माणसांनी मागे वळून बघितलं तरी ती थांबली नाही.

मग साहेबाने पहिलं अपील उघडलं. घाईने हिरवं दाबायला गेला, पण दाबलं जाईना. आधी पूर्ण क्लिप बघा, असं त्याचाच नियम त्याला सांगत होता. भिंत रंगवणारी बाई शिडीवर चढली. तीन मिनिटं तिने एकाच अक्षराची वेलांटी काढली, हात एकदाही थरथरला नाही. साहेब बघत राहिला.

"यात बंद करण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. "कुठल्या शहाण्याने..."

"खाली लिहिलेलं असतं," काकू म्हणाल्या.

खाली त्याचंच नाव होतं.

हिरवं दाबून त्याने दुसरं उघडलं. मग तिसरं. दुपारी कोणीतरी त्याचा डबा आणून ठेवला, तो तसाच राहिला. सायकलवाली बाई आली, कसरतवाली आली. मधेच तो विचारायचा, "काकू, ही पण मीच?" आणि काकू म्हणायच्या, "ही चष्मेवालीने. पण तुमच्या खांद्याकडे बघून." चाळिसाव्यानंतर त्याने विचारणं सोडलं. कारणाच्या रकान्यात मात्र तो आता प्रत्येकीचं काम काय ते लिहायला लागला. नियमात तसं कुठेही नव्हतं.

पाच वाजले तेव्हा शहाण्णव झाली होती. मशीनने टिंग केलं आणि अहवाल वर गेला.

साहेब खुर्चीत मागे टेकला. "आता वर काय सांगू मी?"

"कोपर होतं म्हणून सांगा."

"कोणाला पटणार आहे, काकू? त्यांना वाटेल मी सारवासारव करतोय. दोनशे अक्षरांत माणूस सांगून सांगून काय सांगणार?"

काकूंना त्याची दया आली. खरीच आली. पोरगं घामाघूम झालं होतं, आणि दिवसभर त्याने एकही क्लिप अर्धी सोडली नव्हती. पण रांग मोडावी इतकी काही ती दया नव्हती.

"सत्त्याण्णवावी वाट बघतेय," त्या म्हणाल्या. "घ्या तिला."